लॉर्डसाहेबांचं उसनं नाक

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अँब्रोज पेटिफर, आयुष्यभर अर्धवट झोपेत होते असं माझं मत आहे. ते मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी बोलून दाखवलं. ते रागावत नसत. "असेल बाई," म्हणत आणि पुन्हा कुठल्यातरी उजेडाकडे बघत बसत. माझी बहीण ज्युडिथ होती तोवर तिने त्यांना हाताला धरून चालवलं. ती गेली आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आम्ही एकाच घरात राहत होतो. ते वरच्या खोलीत, मी खालच्या.

त्यांचा धंदाच तसा होता. लंडनमध्ये ड्रुरी लेनच्या मागे एक जुनं, लहानसं नाटकघर होतं, तिथे ते मेणबत्त्यांची काजळी काढत. चरबीच्या मेणबत्त्या त्या. जरा दुर्लक्ष झालं की वात लांबते, धूर ओकते आणि राणीचा मुखडा दिसेनासा होतो. म्हणून प्रवेश संपला की दाजी हातात कातर घेऊन रंगमंचावर येत आणि एकेक वात कातरत पुढे सरकत. काम झकास झालं तर वरच्या स्वस्त बाकांवरून टाळ्या पडत. ज्योत विझली तर संत्र्याच्या साली. कुठल्याही नटापेक्षा ते जास्त वेळा लोकांसमोर येत आणि एक अक्षर बोलत नसत.

नाटकांचं त्यांना काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. मी विचारायची, "दाजी, शेवटी राजा मेला का हो?"

"पुष्कळ राजे मरतात गं," ते म्हणत. "पण मरताना वारा फार करतात. पुढच्या ओळीतल्या ज्योती पार आडव्या होतात."

नाक मात्र त्यांचं विसरण्यासारखं नव्हतं. लांब, मध्येच उंच झालेलं आणि टोकाशी एका बाजूला कललेलं. डाव्या गालावर मसुराएवढा तीळ. वात कातरायला ते मेणबत्तीवर वाकले की खालून उजेड पडायचा आणि मागच्या रंगवलेल्या आभाळावर त्या नाकाची सावली भलीमोठी होऊन हळूहळू सरकायची. लहान मुलं रडायची ती पाहून.

मी स्ट्रँडवरच्या स्लोकमबाईंच्या चित्रांच्या दुकानात रंग भरायची. मागच्या खोलीत लांब टेबलाशी आम्ही बायका ओळीने बसायचो आणि छापलेला कागद हातोहात पुढे जायचा. एकीने निळा लावायचा, दुसरीने पिवळा, तिसरीने तपकिरी. माझ्याकडे लाल. गाल, ओठ, शिपायांचे कोट, आणि सर्वांत जास्त म्हणजे नाकं. या राज्यातले जेवढे मोठे लोक दारू पीत होते, त्या सगळ्यांची नाकं माझ्या कुंचल्याखालून गेली आहेत. पुढे दुकानाच्या खिडकीत चित्रं लागली की रस्ता अडेपर्यंत गर्दी व्हायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही जगाची रीतच आहे. मंत्रीसुद्धा बग्गी थांबवून डोकावत. आपण चित्रात दिसलो की रागावत, आणि नाही दिसलो तर जास्तच रागावत.

अशात आरमाराचे मंत्री बदलले. जुने गेले आणि लॉर्ड वेदरकोट आले. उत्तरेकडच्या कुठल्यातरी परगण्यातले, शहरात फारसं न येणारे. नाव सगळ्यांनी ऐकलेलं, चेहरा कुणी पाहिलेला नाही. फ्रेंचांशी लढाई जुंपली होती, जहाजांना माणसं कमी पडत होती आणि आरमाराचे भरतीवाले सोटे घेऊन नदीकाठच्या गल्ल्यांत शिरत होते. हाताला लागेल तो धट्टाकट्टा पोरगा ओढून बोटीत टाकायचा आणि समुद्रावर न्यायचा. पकडभरती म्हणायचे लोक त्याला. तेव्हा शिव्या घालायला लोकांना एक चेहरा हवा होता, आणि चेहरे पुरवणं हा आमचा धंदा.

आमचा चित्रकार टॉबायस रूक लॉर्डांच्या सभेत डोकावून आला. गर्दीत त्याला दिसली ती फक्त पांढऱ्या केसांच्या टोपांची मागची बाजू. इकडे स्लोकमबाई डोक्यावर बसल्या होत्या, की समोरच्या दुकानाच्या आधी आपल्या खिडकीत वेदरकोट लागला पाहिजे. रूक वैतागून नाटकाला जाऊन बसला. तिथे प्रवेश संपला, आभाळावर नाकाची सावली सरकली आणि या गृहस्थाने ते नाक उचलून थेट तांब्याच्या पत्र्यावर नेऊन कोरलं.

कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा मी कुंचला लालात बुडवला होता. हात तसाच राहिला. जरीचा कोट घातलेले, बगलेत पोरांची मोळी बांधून समुद्राकडे निघालेले, आमचे दाजी!

मी तरातरा रूकसमोर गेले. "हे आमचे दाजी आहेत."

"असतील," रूक म्हणाला. "आजपासून ते आरमारमंत्री आहेत."

"अहो, पण खरा वेदरकोट असा दिसतो का?"

"खरा दिसतो कुणाला, थॉमसिन? आणि ज्याला दिसेल तो काय करणार आहे, तक्रार? की साहेब, तुमचं नाक यापेक्षा आखूड आहे, बदनामी झाली?"

चित्र असं खपलं की पत्रा झिजला. मग दुसऱ्या दुकानांनीही तेच नाक उचललं. बिअरच्या मगांवर, तपकिरीच्या डब्यांवर, दारूच्या गुत्त्यांत भिंतीवर, जिकडे बघावं तिकडे आमचे दाजी. धुकं उतरलं की दुकानांच्या खिडक्या तेवढ्या पिवळ्या दिसायच्या आणि प्रत्येकीत तेच एक तोंड. मला चालताना वाटायचं, आपण दाजींच्या डोक्याच्या आतून फिरतोय.

त्यांना हे सगळ्यांत शेवटी कळलं, हे सांगायला नकोच. एकदा ते मला आणायला दुकानाशी आले आणि गर्दीत उभे राहून खिडकीकडे बघत राहिले. मी बाहेर आले तर म्हणाले, "थॉमसिन, हा मी आहे गं. आरशातला."

आणि खरंच होतं ते. तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उतरतं, त्यामुळे चित्रातला तीळ उजव्या गालावर गेला होता. आम्ही सगळ्यांनी त्यांना सरळ पाहिलेलं. त्यांनी एकट्यांनी स्वतःला दाढीच्या आरशात पाहिलेलं. म्हणजे हे चित्र साऱ्या शहरात हुबेहूब कुणासाठी होतं, तर फक्त त्यांच्यासाठी. त्यांना ते फार लागलं. वाईट वाटलं असं नाही, पण ते खाली कुठेतरी जाऊन बसलं.

नाटकघरात तर गंमतच सुरू झाली. दाजी कातर घेऊन आले की वरच्या बाकांवरून ओरडा. "आला रे वेदरकोट! ए लांबनाक्या, आमची पोरं परत दे!" सालींच्या जागी कुजकी सफरचंदं आली. नाटकघराचा मालक खूश, कारण लोक नाटकापेक्षा मधल्या वेळासाठी यायला लागले. दाजी वात कातरायचे, कपाळावरचा सफरचंदाचा रस पुसायचे, पुढच्या मेणबत्तीकडे जायचे. मला संताप यायचा.

"नोकरी सोडा," मी म्हटलं.

"आणि मेणबत्त्या?"

या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग केझाया ब्रॉबिन आली. वॉपिंगला नदीकाठी खलाशांचे कपडे धुणारी विधवा. हातांची कातडी सोड्याने पांढरी पडलेली. तिचा एकुलता एक मुलगा लूक, अठराचाही नव्हता, आईसाठी ईल मासा भरून भाजलेली गरम पोळी आणायला म्हणून गेला आणि भरतीवाल्यांनी कोपऱ्यावरून उचलला. ती धावत घाटावर पोचली तोवर बोट निघून गेली होती. तिने खिडकीत चित्र पाहिलं, मग रस्त्यात दाजींना पाहिलं आणि त्यांच्या मागोमाग नाटकघराच्या मागच्या दारापर्यंत आली. रस्त्यात तमाशा केला नाही. दार लोटून आत आली आणि हात जोडले.

"मायबाप सरकार, माझा लूक."

"बाई, मी तो नव्हे," दाजी म्हणाले. "मी इथे मेणबत्त्यांचं बघतो."

"कळतंय मला. मोठ्या लोकांना वेष पालटून हिंडावं लागतं. मी कुणाला सांगणार नाही. तुमच्या मेणबत्त्या तुम्हाला लखलाभ. माझा मुलगा तेवढा द्या."

मी दाजींचं जेवण घेऊन आले होते. मध्ये पडले. "अहो बाई, ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. हे आरमार कुठून चालवतील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आरमार तसंच चाललंय, बाई."

मी थाळी दाजींच्या हातात दिली आणि बाजूला झाले.

ती रोज येऊ लागली. रोज तेच मागणं, रोज तेच उत्तर. "मी तो नव्हे" असं दाजी म्हणाले की ती मान हलवायची, जशी काही सरकारी कामाला वेळ लागतो हे तिला ठाऊकच आहे. एकदा त्यांचा सदरा बघून म्हणाली, "मंत्र्याचा सदरा इतका कळकट? बायको नाही वाटतं." आणि बरोबर घेऊन गेली. धुऊन, निळीतून काढून, इस्त्री करून आणला. दाजींनी तो घातला आणि दिवसभर अवघडून चालले, कुणाचं तरी उसनं अंग घालावं तसे.

त्याच सुमाराला त्यांची स्वप्नं सुरू झाली. सकाळी खाली येत, पाव चहात बुडवत आणि पाव विरघळून जाईपर्यंत तसाच धरून ठेवत.

"आज तीन जहाजं पाठवली मी," ते म्हणायचे.

"झोपेत ना?"

"झोपेतच. पण गेली ती. मी नुसती बोटाने खूण केली, आणि किनारा तसाच मागे राहिला."

मग एकदा म्हणाले, की ते जहाजाच्या पोटात उतरले होते. तिथे आभाळ नव्हतं, छत डोक्याला लागत होतं, आणि दोन्ही बाजूंना झोळ्यांत पोरं झोपली होती, झोळ्या सगळ्या एकाच लयीत हलत होत्या. हातात कातर होती. ते एकेका कंदिलापाशी थांबत, काजळी काढत, आणि उजेड वाढला की झोळीतलं तोंड बघत. पुढे जात. कंदील संपत नव्हते.

"सापडला का लूक?" मी विचारलं. चेष्टेनेच विचारायला गेले, पण आवाज तसा निघाला नाही.

"ओळखणार कसा, थॉमसिन? मी त्याला कधी पाहिलेलाच नाही."

मला भीती वाटली. माणूस अर्धवट झोपेत असतो तेव्हा काळजी नसते, पण हे पुरते झोपेत चालले होते आणि तिथे त्यांना कुणी स्वस्थ बसू देत नव्हतं. मी म्हटलं, "उठा. त्या खऱ्या वेदरकोटकडे जाऊ. त्याच्या पापासाठी तुम्ही का झुरता?"

मी बरोबर गेले, कारण एकटे गेले असते तर वाटेत कुठल्या तरी दिव्याखाली उभे राहिले असते. लॉर्डसाहेब सकाळी अर्ज घेऊन आलेल्यांना भेटत. आम्ही दारात पाऊल टाकलं आणि झगमगीत कपड्यांतला नोकर जो हसत सुटला, तो भिंतीला टेकला. त्याने आतून दुसऱ्यांना बोलावलं. एकाने कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेलं आमच्या दुकानाचं चित्र दाखवलं. नाकावरचा लाल माझाच होता. बाकीचे अर्जदार ताटकळत राहिले आणि आम्हाला मात्र नाव पुकारून थेट आत नेलं. नाकाचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

खरे लॉर्ड वेदरकोट बुटके, गोरे, गुळगुळीत होते. कणीक मळून ठेवावी आणि तिच्यावर कुणाचं बोटही उमटू नये, असा चेहरा. मी इतकी वर्षं लोकांना लाल लावतेय, पण या तोंडावर तो कुठे लावावा ते मला कळेना. त्यांनी दाजींभोवती एक चक्कर मारली.

"वा," ते म्हणाले. "चित्रापेक्षा सरस आहे. मिस्टर पेटिफर, मला तुमचे आभारच मानायचे होते."

"माझे?"

"तुमचेच. मी रोज स्ट्रँडवर एकटा पायी फिरतो. गाडीवाल्यापाशी उभं राहून कालवं खातो. माझ्या आधीच्या मंत्र्यांना बग्गीच्या खिडक्या वर करून जावं लागे. परवा लोकांनी माझा पुतळा जाळला ना, तेव्हा मी तिथेच होतो. छान जमला होता पुतळा, नाक थेट तुमचं. एकाने पलिता माझ्याच हातात दिला."

"मग?" दाजी म्हणाले.

"मग काय, लावला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं."

आणि हा माणूस हसला. वाईट हसला असता तरी चाललं असतं. पण अगदी घरगुती, मोकळं हसला.

दाजींनी लूक ब्रॉबिनचं सांगितलं. आई काय करते, कुठल्या कोपऱ्यावरून नेला, वय काय, सगळं. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. लॉर्डसाहेबांनी मान वाकवून ऐकून घेतलं.

"दुःखाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "पण एकाला सोडलं की उद्या शंभर आया माझ्या दारात येतील."

"आत्ता त्या माझ्या दारात आहेत, साहेब."

"तेच तर," लॉर्डसाहेब प्रेमाने म्हणाले. "तेच तर किती सोयीचं आहे." त्यांनी घंटी वाजवली. "जपा नाकाला, मिस्टर पेटिफर. थंडीचे दिवस आहेत."

रस्त्यावर आल्यावर माझं तोंड सुटलं ते घर येईपर्यंत मिटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. दाजी कोपरा वळताना एवढंच म्हणाले, "त्यांच्या खोलीत मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्या होत्या, थॉमसिन. त्यांना काजळी धरतच नाही."

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हे. दुकानात गेले आणि रूकच्या पुढ्यात कागद आपटला. "मी खरा वेदरकोट पाहिलाय. मी सांगते, तुम्ही काढा." रूकने कुरकुर केली, पण त्याच्यातला चित्रकार जागा झाला. मी सांगत गेले, तो खोडत गेला, आणि अखेर ते कणकेचं तोंड कागदावर असं उतरलं की मी मागे सरकले. हातात जळता पलिता, समोर पुतळा. स्लोकमबाईंनी नाक मुरडलं, तरी म्हणाल्या, "एकदा लावून बघू." नवा पत्रा कोरला, चित्र छापलं, खिडकीत लावलं. मी काम टाकून बाहेर गर्दीत जाऊन उभी राहिले. आज साऱ्या लंडनला खरा माणूस दिसणार होता.

"हा कोण?" एकजण म्हणाला.

"पाववाला असेल कुणीतरी."

"खाली वेदरकोट लिहिलंय की."

"मग चुकून लिहिलं असेल. वेदरकोट काय आपल्याला ठाऊक नाही?" आणि त्याने आत डोकं घालून हाक मारली, "ओ स्लोकमबाई, लांबनाक्या कुठाय आमचा?"

हसले लोक आणि पुढच्या दुकानाकडे गेले. तिथे लांबनाक्या होताच.

केझाया ब्रॉबिन कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन तिथून चालली होती. मी तिचा हात धरून तिला काचेपाशी आणली. "बघा. नीट बघा. हाच तो. ह्याने तुमचा लूक नेला."

तिने गाठोडं खाली ठेवलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिच्या श्वासाने काच धूसर झाली, ती बाहीने पुसून तिने पुन्हा पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "हा बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. भला दिसतो."

दोन दिवसांत स्लोकमबाईंनी ते चित्र उतरवलं आणि जुनं लावलं. रूक म्हणाला, "सांगितलं होतं मी." मला त्याच्या डोक्यात रंगाची वाटी घालावीशी वाटली, पण मग मी जाऊन आपल्या जागी बसले, कारण नाकं खोळंबली होती.

दाजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. "भला दिसतो म्हणाली?"

"हो."

"माझ्याकडे बघून असं ती कधी म्हणाली नाही," ते म्हणाले, आणि जिन्याने वर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवण घेऊन नाटकघरात गेले. रंगमंचावर टांगलेलं मेणबत्त्यांचं लाकडी कडं दोराने खाली उतरवलेलं होतं आणि दाजी त्यात नव्या मेणबत्त्या बसवत होते. मागचं दार उघडं होतं. दुपारचा मळका उजेड आत येऊन रंगवलेल्या समुद्राच्या पडद्यावर पडला होता, आणि वाऱ्याने तो पडदा जरा जरा हलत होता. केझाया आली. धुतलेला सदरा हातावर घडी करून आणला होता. तिने हात जोडले.

"मायबाप सरकार, माझा लूक."

मी थाळी ठेवायला जागा शोधत होते. पुढचं वाक्य मला पाठ होतं, तिलाही होतं. पण ते आलं नाही. दाजींनी हातातली मेणबत्ती खाली ठेवली आणि हात सदऱ्याला पुसले.

"हो," ते म्हणाले. "मीच तो."

केझायाने हातावरचा सदरा छातीशी धरला.

"तुमच्या मुलाला मी नेलं. हुकूम माझा होता. तुम्हाला विचारलं नाही, त्याला विचारलं नाही. पोरगं आईसाठी खायला आणायला निघालेलं, त्याला माझ्या माणसांनी उचललं. चुकलो, बाई. फार मोठा अपराध झाला माझ्याकडून."

मी तोंड उघडलं. दाजी, काय बोलताय हे, तुम्ही कशाला, असं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. आणि मग मला केझायाचं तोंड दिसलं. इतके दिवस ही बाई भिंतीवर डोकं आपटत होती आणि आज भिंतीतून कुणीतरी ओ दिली होती. मी तोंड मिटलं. रडू आवरायला मला दुसरा उपाय नव्हता.

ती पायरीवर खाली बसली. सदरा मांडीवर घेतला.

"मग आणा ना त्याला परत."

"नाही आणता येत," दाजी म्हणाले. "जहाज फार लांब गेलंय. माझ्या हातात राहिलं नाही ते."

"हं," ती म्हणाली. "तेवढं खरं बोललात." तिने हात वर केला तेव्हा मला वाटलं, आता मारते. दाजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून गाल पुढे केला. पण तिने तो हात नुसता आपल्या कपाळाला लावला, आणि तसाच ठेवला. बाहेर गल्लीत कुणीतरी कोळसे ओतले, त्याचा आवाज आला आणि थांबला.

मग तिने विचारलं, "तुम्ही पाहिलंत त्याला?"

दाजी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मी त्यांना आयुष्यात कधी इतकं जागं पाहिलं नव्हतं.

"पाहिलं," ते म्हणाले.

"कसा आहे?"

"उंच झालाय."

केझायाने मांडीवरच्या सदऱ्याची बाही सरळ केली, पुन्हा घडी घातली.

"होणारच," ती म्हणाली. "त्याचा बापही उंच होता."